विंडनची वंशावळ

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एक मालिका बघायला सांगणार आहे, आणि ती बघताना कागद-पेन्सिल जवळ ठेवायलाही. मालिकेचं नाव 'डार्क'. जर्मन आहे. नेटफ्लिक्ससाठी जर्मनीत तयार झालेली ही पहिलीच मालिका. पहिला सीझन 1 डिसेंबर 2017 ला आला, तिसरा आणि शेवटचा 27 जून 2020 ला. एकूण भाग 26. बारान बो ओदार आणि याँत्ये फ्रीझ या जोडीची ही निर्मिती. दिग्दर्शन बो ओदार यांचं, लेखनाची धुरा फ्रीझ यांच्याकडे. आणि मालिका पूर्ण झालेली आहे, हे मुद्दाम सांगतो. गोष्ट अर्ध्यावर टांगून गायब होणाऱ्या मालिकांनी आपण बरेच पोळलो आहोत.

विंडन हे काल्पनिक गाव. चहूकडे गर्द जंगल, आभाळ कायम भरलेलं, आणि गावाच्या कडेला अणुवीज केंद्राचे अवाढव्य मनोरे. नोव्हेंबर 2019 मध्ये एका रात्री मिकेल नावाचा अकरा वर्षांचा मुलगा जंगलातल्या गुहेपाशी नाहीसा होतो. त्याचा बाप उलरिख पोलिसात आहे. या उलरिखचा धाकटा भाऊ 1986 मध्ये असाच नाहीसा झाला होता, तो सापडलाच नाही. तेव्हाचे आईबाप आता म्हातारे झालेत, आणि तेच दुःख आता नातवाच्या रूपानं पुन्हा दारात.

तपासात उलरिखला चॉकलेटचा एक कागद सापडतो. त्यावर नाव आहे 'रायडर'. आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. जर्मन प्रेक्षक मात्र तिथंच ताठ बसतो, कारण त्या चॉकलेटचं ते नाव जर्मनीत 1991 मध्ये गेलं आणि 'ट्विक्स' आलं. मग 2019 मध्ये हा कागद इथं कसा? मोठं यंत्र नाही, निळा झगझगाट नाही. काळाच्या गोंधळाची पहिली खूण म्हणजे खाऊचा एक कागद. मला ही मालिका तिथंच आवडली.

1986 हे सालही उगाच निवडलेलं नाही. त्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा स्फोट झाला आणि त्याचे किरणोत्सारी ढग जर्मनीपर्यंत आले. दूध प्यावं का, रानातली अळंबी खावीत का, मुलांना वाळूत खेळू द्यावं का, अशी धास्ती तिथल्या घराघरांत होती. मालिकेतल्या 1986 च्या विंडनमध्ये ती भीती मुरलेली आहे. तर 2019 चं विंडन आपलं अणुकेंद्र बंद होण्याच्या वाटेवर. खऱ्या जर्मनीनंही शेवटच्या तीन अणुभट्ट्या 15 एप्रिल 2023 ला बंद केल्या. त्यामुळे केंद्राच्या आवारात काय पुरलंय, कुणी दडपलंय, हे प्रश्न तिथल्या माणसाला बातम्यांतलेच वाटतात.

आता ते 33 वर्षांचं प्रकरण. 1953, 1986, 2019 अशी ही साखळी आहे, आणि दर 33 वर्षांनी चंद्र-सूर्याचं चक्र जुळतं असं मालिकेत सांगितलं जातं. हे ऐकून मराठी माणसानं दचकायचं कारण नाही. चांद्रवर्ष 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 चं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. 33 वर्षांत ही तूट जवळजवळ एका वर्षाएवढी होते. म्हणूनच रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून साधारण 33 वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. आपण ती तूट साठू देत नाही, अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालून हिशेब चुकता करतो, आणि जावयाला मोजून 33 अनारसे देतो. गुहेतून दुसऱ्या सालात जाता येतं ही मात्र लेखकांची करामत, तिचं खापर पंचांगावर फोडू नका.

अवघड काय आहे, तर माणसं ओळखणं. कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर, टीडमान अशी चार घराणी. एकच माणूस एका काळात शाळकरी, दुसऱ्यात संसारी, तिसऱ्यात म्हातारा, आणि प्रत्येक वयाला नट वेगळा. नटांची निवड इतकी अचूक आहे की हनुवटी आणि नजर पाहून नातं लागतं. तरी चौथ्या-पाचव्या भागाला "हा कुणाचा कोण?" असा गजर घरात होणारच. त्यासाठीच कागद. तळाशी नातवंडं, वर आईबाप, त्याच्या वर आजी-आजोबा. जागा सोडून लिहा, रेघा खोडता येतील अशा ओढा. पुढं काही रेघा अशा दिशेला जातात की कुठल्याही भटजींनी वही मिटून घेतली असती. यापेक्षा जास्त मी बोलणार नाही.

भाषेबद्दल एक आग्रह. इंग्रजी डबिंग मिळतं, ते बंद करा. मूळ जर्मन आवाज ठेवा आणि खाली सबटायटल्स वाचा. ही माणसं कमी बोलतात, बरंचसं गिळून टाकतात. ते गिळणं डबिंगमध्ये ऐकू येत नाही. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकणारे पुष्कळ आहेत, त्यांचा कान तर आयताच तयार होईल.

दोष आहेत. संथ आहे. विनोदाचं वावडं आहे. तिथं कुणी मनापासून हसलेलं दिसलं तर मला कळवा. तिसऱ्या सीझनमध्ये गुंता दुपटीनं वाढतो आणि मधले काही भाग ओढल्यासारखे वाटतात, मात्र शेवट हिशेबाला पक्का उतरतो. आत्महत्या आणि मुलांचे मृत्यू कथेच्या मुळाशीच आहेत, पहिलंच दृश्य तसं आहे. तेव्हा लहान मुलांना घेऊन बसू नका, आणि स्वतःचं मन हळवं असेल त्या दिवसांतही नको.

एका रात्री चार-चार भाग संपवू नका. रोज एक पुरे. तिसरा भाग जवळजवळ सगळा 1986 मध्ये घडतो. तिथपर्यंत जा, आणि तो बघूनही जीव रमला नाही तर खुशाल सोडून द्या. रमला, तर मग 26 भाग होईपर्यंत इंटरनेटवर या मालिकेबद्दल एक ओळही वाचू नका. आणि ज्यांनी ती आधीच बघितली आहे, त्यांनी कृपा करून घरात तोंड बंद ठेवावं.

नमस्कार.