०२० चे १६ का होतात?

(पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पाटीवर एक पिनकोड लिहितो: ४११०३०. सदाशिव पेठ. आधीच सांगून ठेवतो, पाटीवर मी इंग्रजी आकडे काढतोय; मराठी आकड्यांची गंमत शेवटी. हा पिनकोड कीबोर्डवरून सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये आला की सीला त्यात चार लाख अकरा हजार तीस दिसत नाहीत. दिसतात ती सहा अक्षरं, आणि अक्षरं संपली हे सांगणारा सातवा बाइट, ज्याची किंमत शून्य. मेमरीत डोकावलंत तर ५२, ४९, ४९, ४८, ५१, ४८ आणि मग ०. आस्कीमध्ये, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात, शून्य या अक्षराचा क्रमांक ४८ आहे, त्यामुळे हे असं.

म्हणजे अक्षराचा अंक करायचा तर ४८ वजा करायचे. पण कोडमध्ये ४८ लिहू नका, एकेरी अवतरणातलं शून्यच वजा करा. सीचं प्रमाण, म्हणजे या भाषेचे अधिकृत नियम, ४८ ची हमी देत नाही. शून्यापासून नऊपर्यंतची अक्षरं एकापाठोपाठ एक असतील, एवढीच हमी देतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर एबसिडिक या दुसऱ्या तक्त्यात हेच शून्य २४० वर बसलेलं असतं, तरी वजाबाकी बरोबर येते.

आता अंक जोडायचे. शाळेत एकक, दशक, शतक आपण उजवीकडून मोजलं. ‘अंकानां वामतो गतिः’, अंक डावीकडे चालत जातात, असं जुनं वचनच आहे. प्रोग्रॅमची पंचाईत अशी की तो वाचतो डावीकडून. पहिला ४ हाती आला तेव्हा तो नुसता चार आहे, चाळीस आहे की चार लाख, हे त्याला ठाऊक नसतं. यावरचा उपाय मला अजूनही आवडतो: ठाऊक करून घ्यायचंच नाही. ४ धरून ठेवा. पुढचा १ आला की आधीच्याला दहाने गुणा आणि नव्याला एककाच्या घरात बसवा. झाले ४१. मग ४११, ४११०, ४११०३, ४११०३०. पीएमपीच्या बसचा कंडक्टर दर स्टॉपला ‘पुढे सरका’ म्हणतो, तसंच. एकूण किती लोक चढणार हे त्यालाही माहीत नसतं.

तीन ओळींचा लूप आहे, कुणालाही जमतो. खरा प्रश्न वेगळाच आहे: जे आलं ते आकडा नसेलच तर?

लायब्ररीत अक्षरांची संख्या करून देणारं एटूआय नावाचं फंक्शन आहे, तुम्ही सगळ्यांनी पहिल्या वर्षी वापरलंय. पेठेतल्या पत्त्यासारखं ‘१२०५/३’ त्याला द्या. ते १२०५ परत देतं आणि तिरक्या रेघेपासून पुढचं गिळून टाकतं. ‘मारुती’ द्या, शून्य येतं. खरोखरचं ‘०’ द्या, तरी शून्यच. हे शून्य माणसाने टाइप केलेलं, की फंक्शनने हात वर केले म्हणून आलेलं, हे कळायला मार्ग नाही. पुण्यात दुकानदारसुद्धा नकार द्यायचा तर कारणासकट पाटी लावतो. एटूआय तेवढंही करत नाही.

आणि मोठा आकडा आला तर आणखी वाईट. ३२ बिटांच्या इंटमध्ये, म्हणजे सीच्या नेहमीच्या पूर्णांकात, जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावतात, म्हणजे साधारण दोनशे चौदा कोटी. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे सगळ्यात लहान नंबरसुद्धा सहाशे कोटींच्या घरात. एकही मावणार नाही. अशा वेळी एटूआय काय करेल? प्रमाण म्हणतं, वर्तन अनिश्चित. तुमच्या लॅपटॉपवर काहीतरी निघेल, त्यावर विसंबू नका. स्वतःचा लूप लिहिलात तर दहाने गुणण्याच्या आधी तपासा, नंतर नाही. नंतर तपासायला हाती काही शहाणं उरलेलं नसतं.

म्हणून त्याच कामाचं दुसरं फंक्शन, स्ट्रटॉल. याला तीन गोष्टी लागतात: स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची ती माळ; एका पॉइंटरचा, म्हणजे मेमरीतली जागा दाखवणाऱ्याचा, पत्ता; आणि पाया, म्हणजे आकडा दहाच्या, आठच्या की सोळाच्या हिशेबात वाचायचा ते. मधला पॉइंटर सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच लोक नल, म्हणजे ‘काही नाही’, देऊन टाळतात. वाचता वाचता कुठे थांबलो, तिथे तो बोट ठेवतो. बोट सुरुवातीलाच असेल तर एकही अंक मिळाला नाही. स्ट्रिंगच्या शेवटी असेल तर सगळं वाचलं. मध्येच असेल तर पुढे काहीतरी उरलंय, ते काय आहे ते बघा. एफगेट्स या फंक्शनने ओळ घेतली असेल तर उरलेलं बहुधा एंटरचं अक्षर असतं, तेवढं माफ करा. आकडा मावला नाही तर लाँगची, म्हणजे स्ट्रटॉल ज्या प्रकारचा पूर्णांक देतं त्याची, कमाल किंवा किमान किंमत मिळते आणि एर्नो या चुकीची नोंद ठेवणाऱ्या जागेत ई-रेंज, म्हणजे ‘मावलं नाही’, पडतं. मात्र एर्नो आधी स्वतः शून्य करायचा. लायब्ररी तो कधीच शून्यावर आणत नाही. आणखी एक खाच: ६४ बिटांच्या लिनक्सवर लाँग ६४ बिटांचा असतो, विंडोजवर ३२ चाच. मोबाइल नंबर एकीकडे मावतो, दुसरीकडे नाही.

आता पाया. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय.

भोसरीतल्या एका कारखान्यात भट्टीचा टायमर आमच्या प्रोग्रॅमवर चालायचा. मिनिटं एका फाइलमधून वाचायची. पायाच्या जागी मी शून्य लिहिलं. मला वाटलं, शून्य म्हणजे ‘नेहमीचं’. शून्य म्हणजे नेहमीचं नाही. शून्य म्हणजे ‘स्ट्रिंगच्या तोंडावरून ओळख’: सुरुवातीला शून्य-एक्स असेल तर सोळाचा पाया, नुसतं शून्य असेल तर आठचा, नाहीतर दहाचा. महिनाभर सगळं ठीक चाललं. मग कुणीतरी नीटनेटक्या माणसाने रकाने सरळ दिसावेत म्हणून ६० चं ०६० केलं. आठच्या पायात ०६० म्हणजे ४८. ऑपरेटर म्हणाला, “साहेब, भट्टी घाई करतीय.” मी सेन्सर तपासले, रिले बदलला. दोन दिवसांनी ०९० लिहिलं गेलं आणि भट्टी सुरूच होईना. आठच्या पायात ९ हा अंकच नाही, त्यामुळे वाचन पहिल्या शून्यावर थांबलं: शून्य मिनिटं. स्ट्रटॉल त्या ९ वर बोट ठेवायला तयार होतं, पण मी मधल्या जागी नल दिलं होतं.

तर आपला पुण्याचा एसटीडी कोड, ०२०. पाया शून्य दिलात तर त्याचे १६ होतात. मुंबईच्या ०२२ चे १८. पाया दहा दिलात तर २० होतात, म्हणजे शून्य हरवतं आणि फोन लागत नाही. इथे चूक फंक्शनची नाही, आपली आहे. ०२० दिसायला संख्या, पण आहे ते नाव. दोन एसटीडी कोडांची बेरीज कोण करतं? ते स्ट्रिंगच राहू द्या. पिनकोडसुद्धा, सुरुवातीला मी तो फक्त नमुन्यापुरता घेतला.

आता मराठी आकडे. बसच्या पाटीवरचा ४ यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीत, एक बाइट नसतो, तीन असतात: २२४, १६५, १७०. स्ट्रटॉल पहिल्याच बाइटवर थांबतं आणि शून्य देतं, पण बोट सुरुवातीलाच असल्यामुळे तुम्हाला कळतं तरी. अक्षर अंक आहे का हे सांगणाऱ्या इझडिजिटला हे बाइट देताना आधी अनसाइन्ड कॅर, म्हणजे उणे न होणारा बाइट, करून घ्या, कारण साइन्ड कॅरमध्ये २२४ चे उणे ३२ होतात आणि ते देणं नियमाबाहेर आहे. वाचायचंच असेल तर सोपं आहे. मराठी शून्याचे बाइट २२४, १६५, १६६, आणि नऊचा शेवटचा बाइट १७५. पहिले दोन जुळले आणि तिसरा या टप्प्यात बसला की त्यातून १६६ वजा करा, बाकी लूप तोच.

मागून कुणीतरी विचारतंय, अर्धे आकडे मराठी आणि अर्धे इंग्रजी आले तर? लूपला चालेल. मी मात्र ते घेत नाही, आणि कितव्या अक्षराला अडलो ते वापरणाऱ्याला सांगतो.