इंजिनाच्या मापाचा सायलेन्सर

परवा एक मुलगा कार्ब्युरेटरवाली जुनी स्प्लेंडर घेऊन आमच्या गॅरेजवर आला. मागे सायलेन्सर म्हणून मनगटाएवढी जाड पुंगळी. म्हणाला, "काका, आवाज झकास येतो, पण डबलसीट चढावर गाडी ओढतच नाही. क्लचप्लेट बघता का?" क्लच ठणठणीत होता. मी स्पार्क प्लग खोलून त्याच्या तळहातावर ठेवला. टोक तपकिरी हवं, ते खडूसारखं पांढरं पडलं होतं.

मित्रांनो, सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग आहे. हे माझं मत नाही, साधा हिशेब आहे. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसी. ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, फोर-स्ट्रोक इंजिनाचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) सेकंदाला ५० वेळा उघडतो. म्हणजे ढोबळमानाने सेकंदाला पाचेक लिटर हवा इंजिनातून जाते. बुलेटवाल्या रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं. ४००० आरपीएमला, जिथे ते सर्वांत जास्त ओढतं तिथे, साडेअकरा लिटरच्या आसपास. मग जो पाइप बुलेटला चालतो, तो शंभर सीसीला कसा चालेल?

पाइपाचा व्यास २८ मिलिमीटरवरून ४२ केला, की व्यास दीडपट होतो, पण पोकळीचं क्षेत्रफळ सव्वादोनपट वाढतं. धुराचा वेग निम्म्याच्याही खाली येतो. वेगात सुटलेला धूर आपल्यामागे ओढ निर्माण करतो. आत घेणारा आणि बाहेर सोडणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकदम उघडे असतात, तेव्हा हीच ओढ हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत खेचायला मदत करते. वेग मेला की ओढ मेली, आणि कमी आरपीएमचा पिकअप गेला. उलट पाइप फार अरुंद झाला, तर वरच्या आरपीएमला इंजिन गुदमरतं. शिवाय जाळी काढलेल्या पुंगळीवर जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) तेच ठेवलं, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडू शकतं. पांढरा प्लग तेच सांगत होता.

टू-स्ट्रोकमध्ये तर पाइपाचा आकार म्हणजे सगळं. यामाहाची आरएक्स १०० आठवा: ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर. तिच्या एक्झॉस्टला व्हॉल्व्हच नाही. सायलेन्सरच्या फुगीर पोटातून उलटी आलेली दाबाची लाट निसटू पाहणारं ताजं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. ते पोट कापून सरळ नळी लावणाऱ्यांनी गाडीची जानच काढून टाकली.

बीएस-६ गाडीत बेंड पाइपाला (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीला) हात लावण्याआधी ऑक्सिजन सेन्सर आणि धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुठे आहेत ते बघा. तो कन्व्हर्टर काढू नका, हे मी कळकळीने सांगतो.

आवाजाची मर्यादाही सीसीवरच ठरते. कारखान्यातून निघताना ८० सीसीपर्यंत ७५ डेसिबल, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८०. रात्री दोन वाजता गल्लीतलं तान्हं बाळ दचकून उठतं, तेव्हा मला आपल्याच धंद्याची लाज वाटते. आवाज वाढवायचं असलं काम मी माझ्या गॅरेजमध्ये करत नाही.

त्या मुलाचा ओरिजिनल सायलेन्सर घरी माळ्यावर पडून होता. तो आणला. हेडजवळची गास्केट रिंग चेपली होती, म्हणून नवी टाकली. दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळले. गाडी चालू करून लगेच, पाइप तापायच्या आत, जॉइंटपाशी तळहात धरला. हवा लागली नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला: मित्राला मागे बसवून तोच चढ चढला होता, तिसऱ्या गिअरवर.