दिवा मालवल्यावर जेवणारे मासे: लोचला खायला कसं घालायचं

(खोलीतला दिवा बंद. टाकीवर फक्त मंद निळा प्रकाश. बोलणं हळू आवाजात.)

नमस्कार. रात्रीचे पावणेअकरा वाजलेत आणि मी मुद्दाम या वेळेला कॅमेरा लावलाय. दुपारी आला असतात तर या टाकीत तुम्हाला वर फिरणारे टेट्रा दिसले असते, झाडं दिसली असती आणि खाली रिकामी वाळू. आता बघा. त्या लाकडाच्या ओंडक्याखालून डोकं बाहेर आलं, दिसलं? पिवळसर अंगावर काळे पट्टे, जाडी पेन्सिलीएवढी, लांबी माझ्या बोटापेक्षा थोडी जास्त. ही कुली लोच. लोच म्हणजे टाकीच्या तळाशी राहणारे, मिशा असलेले मासे. माझ्याकडे आठ आहेत. आत्ता पाच बाहेर आल्यात.

आज मला बोलायचंय ते यांच्या जेवणाबद्दल. लोच घरी आणणाऱ्यांपैकी बरेच जण त्यांना जेवायलाच घालत नाहीत. वाईट हेतूने नाही हो. त्यांना तसं सांगितलेलं असतं.

मलाही तसंच सांगितलं होतं. पहिल्या तीन कुली मी आणल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘यांना वेगळं काही घालू नका, खाली पडलेलं साफ करतात.’ मी विश्वास ठेवला. वर बार्ब होते, त्यांना सकाळ-संध्याकाळ दाणे घालत होते, आणि खालच्यांचं चाललंय असं धरून चालले होते. दोन महिन्यांनी पाणी बदलताना एक मेलेली सापडली. हातात घेतली तर सुतळीएवढी. पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं दिसत होतं. ती आजारी पडून गेली असं मला आजही वाटत नाही. भरल्या टाकीत ती उपाशी गेली.

तर वरचं उरलेलं खाली का पोचत नाही, ते आधी बघू. बाजारातले बहुतेक स्वस्त दाणे तरंगणारे असतात. ते फुगून खाली यायच्या आत बार्बांनी, गप्पींनी, एंजलनी संपवलेले असतात, मिनिट-दोन मिनिटांचा खेळ. खाली जातो तो भुगा. तो वाळूच्या फटीत शिरतो, कुजतो आणि पाण्यात अमोनिया वाढवतो. त्याने लोचचं पोट भरत नाही. आणि माशांची विष्ठा खाऊन कुठलाही लोच जगत नाही, हे तर मी हात जोडून सांगते. वरचा मासा दिवसा जेवतो, हा रात्री जेवतो. तुम्ही सकाळी आठला घातलेलं यांच्यासाठी रात्री अकरापर्यंत शिल्लक राहणारच नाही.

(कॅमेरा काचेच्या अगदी जवळ. कुलीचं तोंड.)

हिचं तोंड बघा. खाली वळलेलं आहे आणि भोवती मिशा आहेत. अन्न ती डोळ्यांनी कमी आणि या मिशांनी जास्त शोधते. वाळूत तोंड खुपसते, वाळूसकट घास घेते, खाण्यासारखं ठेवते आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. बघा बघा, आत्ता सोडली. म्हणून यांच्या टाकीत धारदार खडी नको. मिशा झिजल्या की वास आणि चव लागणंच कमी होतं, मग समोर दाणा असूनही सापडत नाही. बारीक, गुळगुळीत कणांची वाळू घ्या. समुद्रावरची वाळू मात्र नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि पाणी जड होतं.

आता घालायचं काय? रोजच्यासाठी तळाला जाणारे बारीक दाणे. पाकिटावर काय छापलंय त्यापेक्षा घरी वाटीभर पाण्यात चार दाणे टाकून बघा. दहा सेकंदांत तळाला गेले पाहिजेत आणि तासभर तरी विरघळू नयेत. कुलीचं तोंड लहान, तिला मिलिमीटरभराचा दाणा पुरतो. माशांच्या खाद्याच्या मोठ्या चकत्या, वेफर असतात ना, त्या मोडून घाला. दाण्याच्या घटकांत मासळी, कोळंबी, किडे असं काही पहिल्या जागी हवं. शैवाल खाणाऱ्या माशांच्या हिरव्या वेफरवर लोचला ठेवू नका. हा मांसाहाराकडे झुकलेला मासा आहे. नदीत तो किड्यांच्या अळ्या, बारीक जंतू, कवचवाले छोटे जीव शोधून खातो.

आठवड्यातून दोन-तीनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, किंवा आर्टेमिया, डॅफ्निया हे पाण्यातले बारीक कवचवाले जीव. गोठवलेली वडी सरळ टाकीत टाकू नका. चहाच्या गाळणीत घ्या, टाकीच्याच पाण्यात वितळू द्या, ते लाल पाणी फेकून द्या आणि मग घाला. त्या पाण्यात मासा खाईल असं फारसं काही नसतं, टाकी मात्र खराब होते.

जिवंत ट्युबिफेक्सबद्दल नेहमी विचारतात. लोच त्यावर तुटून पडतात, हे खरं. पण हे किडे सांडपाण्याच्या, गाळाच्या जागी वाढतात आणि सोबत काय घेऊन येतील याचा भरवसा नाही. मी घालत नाही. त्याच्या सुकवलेल्या वड्या काचेला चिकटवतात, त्या वरच्या माशांना बऱ्या. त्याऐवजी बागेतलं गांडूळ घ्या. खत, कीटकनाशक न मारलेल्या मातीतलं, स्वच्छ धुतलेलं, बारीक चिरलेलं. गांडूळखताच्या वाफ्यातली लाल गांडुळं मात्र बरेच मासे तोंडात घेऊन थुंकतात, कारण ती अंगातून कडू द्रव सोडतात.

(टेबलावर वाटी, चमचा, कोळंबी.)

आणि घरचं एक सांगते, माझ्या माशांचं सगळ्यात आवडतं. सोललेली कोळंबी पाव किलोपेक्षा थोडी कमी, मूठभर उकडलेले मटार साल काढून, थोडा पालक. मिक्सरमधून काढायचं. मीठ, हळद, लसूण काही नाही. मग चायना ग्रास. साधारण पाव लिटर पाण्यात पावडर चहाचे दोन चमचे घालून नीट उकळायची, कारण उकळी आली नाही तर ती विरघळत नाही. दोन-तीन मिनिटं निवू द्यायची आणि वाटणात ओतून ढवळायचं. ताटलीत पातळ थापायचं, घट्ट झालं की वाटाण्याच्या अर्ध्याएवढे तुकडे करायचे आणि डब्यात फ्रीझरमध्ये. हे पाण्यात सुटत नाही आणि तळाला बसतं. लोच त्याला चिकटून ओढतात. फ्रीझरच्या डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा ‘माशांचं’. आमच्याकडे एकदा ते बर्फीच्या डब्यात गेलं होतं.

भाजी? क्लाउन लोच, ही लोचची दुसरी जात, असेल तर हो. काकडीची चकती किंवा दुधीचा तुकडा दोन मिनिटं उकडायचा, स्टीलच्या चमच्याला अडकवून बुडवायचा, सकाळी काढून टाकायचा. कुली तिच्याकडे फारशी बघत नाही.

(पणती हातात.)

ही माझी ताटली. दिवाळीची साधी मातीची पणती, रंग न लावलेली. दोन दिवस पाण्यात भिजवून ठेवली होती. वाळूवर, लपण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर ठेवलीय. रोज याच जागी. सगळे दाणे यात पडले की किती खाल्ले आणि किती उरले ते सकाळी मोजता येतं. दाणे टाकायला ही पारदर्शक नळी, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. एक टोक पणतीत, दुसरं पाण्याच्या वर, दाणे नळीतून सरळ खाली. मधले मासे बघत बसतात. ब्लडवर्म असतील तर सुई नसलेली मोठी सिरिंज आणि पुढे हवेच्या पंपाची नळी.

वेळ अशी: दिवा बंद करायच्या आधी वरच्यांना टाकीच्या एका टोकाला त्यांचं जेवण. त्यांची पोटं भरू देत. मग दिवा बंद, अर्धा तास थांबायचं आणि पणतीत दाणे. फिल्टरचा झोत थेट पणतीवर येत असेल तर दहा-पंधरा मिनिटं तो बंद ठेवा, पण मोबाइलवर गजर लावून. फिल्टर रात्रभर बंद राहिला तर त्यातले उपयोगी जिवाणू मरायला लागतात, आणि ते नुकसान एका जेवणापेक्षा फार मोठं.

किती घालायचं? मी कुलीमागे तीन-चार बारीक दाण्यांनी सुरुवात केली आणि मग पणती बघून ठरवत गेले. सकाळी पणती रिकामी आणि पोटं हलकी गोल, तर बरोबर. दाणे बुरशी धरून पडलेले, तर कमी करा आणि उरलेलं पाइपाने ओढून काढा. आठवड्यातून एक दिवस मी काहीच घालत नाही. पोट फुगलेलं आणि त्यातून हिरवट झाक दिसली तर घाबरू नका. ती मादी असेल आणि अंडी भरली असतील. कुलीच्या पातळ कातडीतून ती दिसतात.

आता गोगलगायी. टाकीत त्या वाढल्या म्हणून लोच आणणारे खूप भेटतात. क्लाउन, योयो, झेब्रा हे बोटिया कुळातले लोच गोगलगायी खरोखर खातात. तोंड शिंपल्यात घालून आतलं मांस ओढून घेतात आणि तेव्हा टाकीतून ‘कट्, कट्’ असा आवाज येतो, खोलीतसुद्धा ऐकू येतो. पण गोगलगायी वाढतात त्या तुम्ही जास्त खायला घालता म्हणून. आणि लोचने त्या महिन्याभरात संपवल्या की पुढे काय? त्यात क्लाउन लोच दुकानात असतो चार-पाच सेंटीमीटरचा. बोर्निओ आणि सुमात्राच्या नद्यांतला हा मासा वाढून पाऊण फुटापर्यंत सहज जातो, एक फुटाचेही होतात, आणि वीस वर्षांहून जास्त जगतो. शिवाय पाच-सहांच्या घोळक्याशिवाय तो रमत नाही आणि नीट खातही नाही. मूठभर गोगलगायींसाठी हा सौदा करू नका.

झेब्रा लोचवर मात्र मला थोडं थांबायचंय. त्याचं शास्त्रीय नाव बोटिया स्ट्रिएटा. नारायण राव यांनी 1920 मध्ये या माशाचं वर्णन केलं, ते तुंगा नदीतल्या माशावरून. हा मासा फक्त आपल्या सह्याद्रीतला आहे, कृष्णा खोऱ्यातल्या कर्नाटक-महाराष्ट्राच्या ओढ्या-नद्यांमधला. जगात दुसरीकडे कुठेच नाही. आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे. नद्या बिघडल्यात आणि शोभेच्या माशांच्या व्यापारासाठी तो पकडलाही जातो. तो दुकानातल्या टाकीत बघितला की मला दर वेळी गलबलतं. कोणी घेऊच नये असं माझं स्वतःचं मत आहे. पण तुमच्याकडे आधीपासून असेल, तर त्याला ‘सफाईवाला’ समजून उपाशी ठेवणं हा गुन्हा आहे, इतकं स्पष्ट बोलते. त्याला सह्याद्रीच्या वाहत्या पाण्यासारखं ऑक्सिजन भरपूर असलेलं पाणी लागतं. क्लाउनला चालणारं 28-30 अंशांचं पाणी त्याला कायम नको, 23-25 बरं. आणि घोळका. आणि रोज संध्याकाळी तळाला जाणारं, मांसाचं जेवण. हा कुलीइतका रात्रीचा नाही, आठवड्याभरात तुमची वेळ ओळखून काचेशी येतो.

एक शेवटचं, पण महत्त्वाचं. लोच तुमच्या डोळ्यांसमोर व्यवस्थित खातोय आणि तरी पाठ सुरीसारखी होत चाललीय, तर जास्त घालून उपयोग नाही. नदीतून पकडलेल्या लोचच्या आतड्यात जंत असणं नेहमीचं आहे, क्लाउनमध्ये तर फारच. त्याला जंताचं औषध लागतं. लेव्हामिसोल किंवा फेनबेंडाझोल ही नावं तुम्हाला ऐकू येतील, पण मात्रा माशांचं कळणाऱ्या पशुवैद्यांना विचारून. लोचचे खवले अगदी बारीक, कातडीत रुतलेले असतात, त्यामुळे औषधं आणि मीठ त्याला इतर माशांपेक्षा लवकर बाधतं. म्हणून नवा लोच तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तिथे स्पर्धा नसते, तो नक्की किती खातो ते दिसतं, आणि दुकानात झालेली उपासमारही भरून निघते.

(पुन्हा टाकीकडे. पणतीभोवती गर्दी.)

आता सात आहेत. आठवी सगळ्यात भित्री, ती ओंडक्याच्या पलीकडून येते, म्हणून तिच्या बाजूला मी दोन दाणे वेगळे टाकते. बघा, मिशा दाण्याला लागल्या. घेतला. पणतीत अजून पाच दिसतायत. सकाळी बघते, तसेच असले तर उद्या पाच कमी.