पंधरा मिलिसेकंद

नमस्कार. बोलायच्या आधी ढोलकीची एक थाप दोनदा ऐकवते. डोळे मिटून ऐका. मागे मेट्रोनोमची टिकटिक चालू आहे. तिच्यावर ही पहिली थाप... आणि ही दुसरी. पहिली टिकटिकीला चिकटून आली, दुसरी जरा रेंगाळली. तिसऱ्या रांगेत कुणीतरी मान हलवली, म्हणजे फरक पोचला. हा फरक पंधरा मिलिसेकंदांचा आहे. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले पंधरा. दोन्ही थापा सॅम्पलर नावाच्या यंत्रानेच वाजवल्या आणि दोन्ही नेमक्या ठोक्यावर वाजवल्या. फक्त दुसऱ्या सॅम्पलच्या, म्हणजे यंत्रात घेतलेल्या आवाजाच्या तुकड्याच्या, सुरुवातीला पंधरा मिलिसेकंदांची शांतता मी तशीच राहू दिली होती.

सॅम्पलर शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी विचारतात, कुठलं मॉडेल घेऊ? बटणं किती, मेमरी किती, इफेक्ट किती? मी त्यांना ही थाप ऐकवते. हा फरक ज्याला ऐकू येऊ लागला त्याला कुठलंही यंत्र चालतं. ज्याला येत नाही त्याला महागातलं यंत्रही बीट, म्हणजे गाण्याचा ठेका, बनवून देत नाही. आज मला मुख्यतः याच पंधरा मिलिसेकंदांबद्दल बोलायचं आहे, कारण सॅम्पलरवरचं जवळजवळ सगळं काम तिथे येऊन ठेपतं.

यंत्र सोपं आहे. आवाज आत घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकडे पॅडवर, म्हणजे दाबायच्या चौकोनी बटणांवर, ठेवायचे आणि बोटांनी वाजवायचे. वाजवलेलं लक्षात ठेवणारा सिक्वेन्सर आतच असतो. पण हे यंत्र ज्यांच्या हातात वाद्य झालं ती माणसं न्यू यॉर्कच्या गरीब वस्त्यांतली होती, आणि त्यांची भूक यंत्राच्या आधीची होती. 11 ऑगस्ट 1973 रोजी ब्रॉंक्समध्ये 1520 सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली आणि तिचा भाऊ डीजे कूल हर्क याने रेकॉर्ड वाजवल्या. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात गायक थांबतो आणि नुसते ड्रम उरतात, त्या काही सेकंदांत नाचणारे पेटून उठतात. त्या जागेला ब्रेक म्हणतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायच्या, एकीवरचा ब्रेक संपतोय तोवर दुसरी मागे फिरवून ठेवायची, आणि काही सेकंदांचा तुकडा हवा तितका वेळ चालवायचा. सॅम्पलरचं लूप नावाचं बटण म्हणजे हेच काम. फरक इतकाच, की हर्क ते हातांनी करत होता.

पुढे न्यू यॉर्कच्याच क्वीन्समधल्या मार्ली मार्ल या हिप-हॉप निर्मात्याने स्वतः सांगितलेला किस्सा आहे. रेकॉर्डवरून माणसाचा आवाज घ्यायला गेला आणि सोबत स्नेअरचा, म्हणजे कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमचा, ठोका आत आला. तो ठोका त्याने बीटबरोबर वाजवून पाहिला, तर ड्रम मशीनच्या ठोक्यापेक्षा दसपट जिवंत. त्या क्षणापासून दुसऱ्याच्या रेकॉर्डमधला ड्रमर आपल्या बोटाखाली आला.

यंत्रांच्या मर्यादांनी काय शिकवलं ते बघा. 1987 साली ई-म्यू कंपनीचा एसपी-1200 हा सॅम्पलर आला. त्यात एकूण दहा सेकंदांची जागा होती आणि एका सॅम्पलला जास्तीत जास्त अडीच सेकंद. अख्खं गाणं दहा सेकंदांत बसवायचं! मग पोरांनी युक्ती काढली. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड 45 फेऱ्यांवर फिरवायची, आवाज भराभर आत घ्यायचा आणि यंत्रात पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, खाली ओढून मूळ वेगावर आणायचा. 45 भागिले 33⅓ म्हणजे 1.35. त्यामुळे अडीच सेकंदांच्या जागेत जवळजवळ तीन पूर्णांक चार सेकंदांचा ऐवज बसायचा. यंत्र 12 बिटचं, सॅम्पलिंग सुमारे 26 किलोहर्ट्झचं, म्हणजे आवाज सेकंदाला सुमारे 26 हजार वेळा मोजणारं. एवढ्या कमी मापात भरलेला आवाज पाच-सव्वापाच अर्धस्वर खाली ओढला की त्याला एक खरखर येते, वाळूत घोळल्यासारखी. काटकसरीतून आलेली ती खरखर पुढे त्या काळच्या न्यू यॉर्कच्या हिप-हॉपची ओळख झाली. आज सॅम्पलरमध्ये तीच खरखर मुद्दाम घालण्यासाठी इफेक्ट असतात, आणि ते लावताना ती कुठून आली हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

आता 1988 आणि अकाई कंपनीचा एमपीसी-60 सॅम्पलर. रॉजर लिन या गिटारवाल्या इंजिनिअरने त्याची रचना केली. चार आडव्या ओळी, चार उभ्या रांगा, सोळा रबरी पॅड. बोट जितक्या जोरात पडेल तितका आवाज मोठा. ही मांडणी आजही जवळपास प्रत्येक कंपनीने तशीच ठेवली आहे. पण लिनचं त्याहून मोठं काम लयीचं आहे, आणि इथे आपले पंधरा मिलिसेकंद परत येतात.

हाताने वाजवलेले ठोके ठरावीक घरात नेऊन बसवणं म्हणजे क्वांटाइझ. ते केलं की सगळं सरळ होतं आणि बऱ्याचदा मरतं. लिनने 1980 च्या आपल्या एलएम-1 ड्रम मशीनपासूनच त्यावर स्विंग ठेवला होता. स्विंग म्हणजे दर दोन ठोक्यांतला दुसरा थोडा उशिरा आणणं. 50 टक्के म्हणजे अगदी सरळ, 66 च्या आसपास गेलं की दादऱ्याच्या अंगाने तीन भागांच्या लयीत पडतं. आता हिशोब करा. 90 बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला 90 ठोक्यांच्या वेगाला, एक ठोका सुमारे 667 मिलिसेकंदांचा, त्याचा चौथा भाग 167 चा. अशा दोन छोट्या ठोक्यांची जोडी 333 ची. स्विंग 54 टक्के ठेवला तर दुसरा ठोका 167 ऐवजी 180 वर पडतो. म्हणजे तेरा मिलिसेकंद उशीर. तेवढ्यावर मान डोलायला लागते! आपले ढोलकीवाले ज्या ठेक्याला ‘झोल आहे’ म्हणतात, तो असल्याच बारीक उशिरांचा बनलेला असतो. ठोका चुकत नाही, तो बसताना थोडा झुकतो.

आणि म्हणूनच सॅम्पलच्या तोंडाशी उरलेली शांतता इतकी घातक. तुम्ही 54 टक्के स्विंग ठेवता, हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमसेटमधल्या जोडझांजेच्या, तोंडाशी पंधरा मिलिसेकंद मोकळे आहेत, आणि तुमचा स्विंग 58 च्याही पुढे जाऊन पडतो. सरळ पडायला हवे होते ते ठोकेही उशिरा येतात. मग तुम्ही टेम्पो बदलता, स्विंग बदलता, स्वतःच्या बोटांना दोष देता. माझ्याकडे एक मुलगा दोन महिने हेच सोसत होता. ‘ताई, माझी लय कच्ची आहे’ म्हणायचा. त्याची किक, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचं सॅम्पल, उघडून पाहिली तर सुरुवातीला सपाट रेघ. ती रेघ कापली आणि त्याच बोटांनी त्याने तोच बीट वाजवला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

कापतात कसं ते सांगते. ट्रिमच्या पडद्यावर जा, लाटेचं चित्र शक्य तितकं मोठं करा. डोळ्यांनी अंदाज घ्या, पण निर्णय कानाने. सुरुवातीचा बिंदू चाकाने पुढे सरकवत जा आणि दर वेळी पॅड मारा. आधी आवाज ढिला लागेल, मग घट्ट होत जाईल, आणि एका जागी थापेचं तोंडच तुटेल. ढोलकीच्या ‘ता’चं सगळं तेज पहिल्या काही मिलिसेकंदांत असतं. ते गेलं की उरतो तो कुठल्याही चामड्याचा आवाज. तोंड तुटलं की एक पाऊल मागे या. लाट मधल्या रेघेला जिथे छेदते तिथेच कापा, नाहीतर ‘टच्च’ असा बारीक आवाज राहतो. शेवटाकडे उलट वागा, तिथे घाई करू नका. ढोलकीच्या डाव्या बाजूचा घुमारा विरत जाताना ऐका आणि त्याला हळूच उतार द्या. एका थापेला मी पाच-पाच मिनिटं देते. ही पाच मिनिटं देणं ज्याला कंटाळवाणं वाटतं, त्याने दुसरं वाद्य घ्यावं असं मी स्पष्ट सांगते.

तोंड कापून झालं की एकाच घुमाऱ्यावर दुसरा घुमारा चढू देऊ नका. खरा ढोलकीवाला तळवा दाबून पहिला घुमारा बंद करतो. सॅम्पलरमध्ये त्यासाठी म्यूट ग्रुप असतो. दोन पॅड एका गटात टाकले की एक वाजताच दुसरा गप्प होतो. उघडी आणि मिटलेली हाय-हॅट अशीच बांधतात. हे जमलं की यंत्रातल्या वादकाला दोनच हात आहेत असं वाटू लागतं, आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

मग बोटांचा रियाज. एक पॅड, एक बोट, 90 चा टेम्पो, क्वांटाइझ बंद, रोज दहा मिनिटं. वाजवलेलं रेकॉर्ड करा आणि यंत्रातली ठोक्यांच्या नोंदींची यादी उघडून बघा, कुठला ठोका कुठे पडला. एमपीसी-60 एका ठोक्याचे 96 भाग करायचा. 90 च्या टेम्पोला एक भाग साधारण सात मिलिसेकंदांचा. म्हणजे आपले पंधरा मिलिसेकंद जेमतेम दोन भाग. नव्या यंत्रांत भाग कितीतरी बारीक असतात, पण दोन भागांचा जुना हिशोब मला अजून आवडतो, कारण तो बोटाला कळतो. काही आठवड्यांनी दिसू लागतं की आपण कायम एकाच बाजूला झुकतो. कुणी पुढे पळतं, कुणी मागे बसतं. ते पुसून टाकू नका, ओळखून ठेवा.

डेट्रॉइटच्या जे डिला या बीट बनवणाऱ्याने यातूनच अख्खी भाषा उभी केली. कुठे क्वांटाइझ बंद ठेवायचं, कुठे एकच वाद्य काही भाग पुढेमागे सरकवायचं. हाय-हॅट सरळ चाललेली, स्नेअर किंचित लवकर, किक अडखळल्यासारखी, आणि तरीही सगळं एका श्वासात. 10 फेब्रुवारी 2006 रोजी अवघ्या 32 व्या वर्षी तो गेला. त्याचा एमपीसी-3000 त्याच्या आईने दान केला आणि आज तो वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. विशेष म्हणजे आता खरे ड्रमर तासन्‌तास बसून त्या यंत्रातल्या अडखळण्याचा रियाज करतात.

साठवण्याबद्दल एकच सांगते. जुन्या सॅम्पलरमध्ये सगळं तात्पुरत्या मेमरीत असायचं, वीज गेली की पुसलं. मी शिकत होते तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. चार तास बसून एका लग्नातल्या सनईचे तुकडे लावले होते, आणि दिवे गेले. फ्लॉपी शेजारीच पडली होती. ती सनई पुन्हा तशी लागली नाही, आणि ते वाजवणारे आजोबाही आता नाहीत. दर अर्ध्या तासाने सेव्ह करा.

आता जे बोलायचं टाळलं जातं ते. हे आवाज कुणाचे आहेत? 1969 साली द विन्स्टन्स या बँडच्या एका गाण्यात ग्रेगरी कोलमनने वाजवलेले सहा-सात सेकंदांचे ड्रम हजारो गाण्यांत वापरले गेले. 2006 मध्ये तो वारला, आणि त्या ड्रमबद्दल त्याला कधी पैसा मिळाला नाही. गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफिल्ड याचीही तीच गत. त्याचा ठोका जगभर वाजला, पण गीतकार-संगीतकारांच्या यादीत ड्रमरचं नाव नसतं. 1991 साली न्यू यॉर्कच्या न्यायालयाने न विचारता सॅम्पल घेणाऱ्या बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि परवानगीशिवाय सॅम्पल घेणं अमेरिकेत महाग झालं. आपल्या घराजवळचं उदाहरण 2002 चं आहे. ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या गाण्यात 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातला लताबाईंचा आवाज न विचारता घेतला होता. संगीतकार बप्पी लाहिरींनी दाद मागितली आणि त्यांचं नाव छापेपर्यंत विक्री थांबवण्याचा आदेश लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. मला ते गाणं आवडतं, हे कबूल करते. त्या आवाजाची जागा त्यांनी फार छान ओळखली होती. पण नाव लिहायला काय जात होतं?

म्हणून माझ्या वर्गात पहिले तीन महिने नेटवरची सॅम्पल पॅक, म्हणजे तयार आवाजांचे संच, बंद असतात. घरातले, गल्लीतले सोळा आवाज स्वतः घ्यायचे, आणि ज्याचा आवाज घेतला त्याला विचारून घ्यायचे. खलबत्ता, कुकरची शिटी, आजीच्या बांगड्या, लोकलचा दरवाजा, शाळेची घंटा. प्रत्येकाचं तोंड आपण कापायचं. सोळा आवाजांवर तीन महिने काढले की त्यांतला एकेक ओळखीच्या माणसासारखा होतो. कुणाला कितपत खाली ओढता येईल, कोण कुणाशेजारी नांदेल, हे बोटांना आधीच कळू लागतं.

बोलणं पुरे झालं. या टेबलावर यंत्र आहे, माइक आहे, आणि शेजारी बसलेले काका ढोलकी घेऊन खास आपल्यासाठी आले आहेत. चार-पाच जण पुढे या. एकेकाने एक थाप निवडायची, काका ती वाजवतील, आपण ती आत घेऊ आणि मग तुम्ही तिचं तोंड कापायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं आणि ढिली वाटली तर हात वर करायचा. आणि जरा ते पंखे बंद करा. त्यांची घरघर आत येते.