लेड झेपलिन मला का आवडत नाही

नमस्कार. लेड झेपलिन हा इंग्लिश रॉक बँड मला आवडत नाही. त्यांचे सगळे अल्बम मी नीट, पुन्हा पुन्हा ऐकलेत. काही गाणी तर इतकी ऐकलीत की पुढचा ठोका कुठे पडणार ते कानाला आधीच कळतं. तरीही तो बँड मला आवडत नाही. आज मी त्याची कारणं सांगणार आहे. ती सांगताना कुणा चाहत्याला कमी लेखायचा माझा मुळीच हेतू नाही. पण ज्याला सगळे थोर म्हणतात ते आपल्याला भिडत नसेल, तर तसं स्वच्छ बोलता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

शास्त्रीय संगीताच्या बाबतीत आपल्याला हे चांगलं जमतं. सवाई गंधर्वच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत उभे असलेले लोक काय बोलतात ते ऐका. ‘अमक्यांची तयारी अफाट, पण गाणं मला लागत नाही,’ असं कुणी म्हणालं तर बाजूचा माणूस वाद घालतो, चिडतो, पण समोरच्याला अडाणी समजत नाही. कुमार गंधर्वांच्या गाण्यावर केवढे वाद झाले! ते न पटणारेही जाणकारच होते आणि त्यांच्याकडे मुद्दे होते. त्या वादांमुळे कुमारांच्या गाण्याकडे लोकांनी अधिक बारकाईने पाहिलं, असंच मी म्हणेन.

रॉकच्या बाबतीत मात्र आपली जीभ अडखळते. मला त्याचं कारण असं दिसतं. ज्या पिढीने ऱ्हिदम हाउसच्या काउंटरवर उभं राहून रेकॉर्डी चाळल्या, मित्राकडून कॅसेटवर कॅसेट भरून घेतली, रंगभवनच्या पायऱ्यांवर बसून इथल्या पोरांना तीच गाणी वाजवताना ऐकलं, त्या पिढीला हे संगीत मिळवायला पैसे आणि कष्ट दोन्ही पडले. संगीतासोबत कोण थोर आणि कोण किरकोळ, याचा निकालही बाहेरूनच आला. आपण तो संगीताच्याच पाकिटातून बाहेर काढला आणि भिंतीवर लावला. त्या निकालावर आपली सही कधी घेतलीच नव्हती.

आणि तो निकाल तिकडेही पहिल्यापासून असा नव्हता. बँड १९६८ मध्ये लंडनला जमला. गिटारवादक जिमी पेज आणि बासवादक जॉन पॉल जोन्स हे स्टुडिओत मुरलेले वादक होते, गायक रॉबर्ट प्लँट आणि ड्रमवादक जॉन बॉनम हे इंग्लंडच्या मिडलँड्समधले तरुण. पहिला अल्बम १९६९ च्या जानेवारीत आला आणि ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन संगीत मासिकाने त्याच्यावर सडकून टीका केली. त्याच मासिकाने २००३ मध्ये पाचशे थोर अल्बमची यादी केली, तेव्हा हाच अल्बम २९ व्या क्रमांकावर होता. म्हणून १९६९ चा परीक्षक बरोबर होता असं मी म्हणत नाही. थोरपणा माणसांनी ठरवलेला असतो आणि ठरवणारी माणसं मत बदलतात, एवढंच मला दाखवायचं आहे.

आता एक सोपी वाट समोर आहे आणि ती मी मुद्दाम टाळणार आहे. या बँडबद्दल नापसंती बोलून दाखवली की समोरचा लगेच म्हणतो, ‘हो ना, त्यांनी गाणी ढापली.’ त्यात तथ्य आहे. त्यांच्या ‘होल लॉटा लव्ह’मधले शब्द विली डिक्सन या ब्लूज गीतकाराच्या ‘यू नीड लव्ह’मधून आलेले आहेत. ब्लूज गायक मडी वॉटर्सने ते गाणं १९६२ मध्ये गायलं होतं. डिक्सनने १९८५ मध्ये दावा लावला, १९८७ मध्ये तडजोड झाली, आज श्रेयात त्याचं नाव आहे. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ मुळात जेक होम्स या अमेरिकन गायकाचं. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीवर ‘स्पिरिट’ बँडच्या गिटारवादकाच्या वतीने खटला झाला, तो मात्र झेपलिन जिंकले. ज्युरीने २०१६ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि वरच्या न्यायालयाने २०२० मध्ये तो कायम ठेवला.

या सगळ्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. पण माझ्या नापसंतीचं ते कारण नाही. मी स्वतःला विचारून पाहिलं: प्रत्येक गाण्यावर योग्य नाव पहिल्या दिवसापासून छापलेलं असतं, तर हा बँड मला आवडला असता का? नसता. मग न आवडण्याला कोर्टाचे कागद जोडून वजन आणणं खोटेपणाचं होईल. ब्लूजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या गाण्यांत, ओळी या गाण्यातून त्या गाण्यात पूर्वीपासून फिरतच आल्या आहेत. डिक्सनचे पैसे बुडायला नको होते, हा न्यायाचा प्रश्न झाला. गाणं कानाला कसं लागतं, हा वेगळा प्रश्न आहे. पहिल्याचं उत्तर देऊन दुसऱ्यातून सुटका होत नाही.

म्हणून मी असं गाणं घेतो जिथे श्रेय दिलेलं आहे आणि जे त्यांच्या उत्तम कामात मोडतं. चौथ्या अल्बममधलं शेवटचं, ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’, म्हणजे ‘बांध फुटतो तेव्हा’, १९७१. श्रेयात चौघांबरोबर मेम्फिस मिनीचं नाव आहे.

मूळ ध्वनिमुद्रण १९२९ चं. ब्लूज गायिका आणि गिटारवादक मेम्फिस मिनी, म्हणजे लिझी डग्लस, आणि तिचा नवरा जो मॅककॉय. दोन गिटार आणि एक आवाज. मॅककॉय गातो आणि ठेका धरतो, मिनीची बोटं वरच्या तारांवर सुटी, झरझर चालतात. गाण्याची चाल बऱ्यापैकी चपळ आहे. विषय काय? १९२७ चा मिसिसिपीचा महापूर. नदीकाठचे मातीचे बांध फुटले आणि सहा लाखांहून अधिक माणसं बेघर झाली. बांधावर पोती रचण्याच्या कामाला काळ्या मजुरांना जुंपलं गेलं, कित्येक ठिकाणी बंदुकीच्या धाकाने. पूर आल्यावर त्यांना त्याच बांधांवरच्या छावण्यांत अडकवून ठेवलं. हे गाणं त्यांच्यातल्या एकाचं आहे. पाऊस असाच राहिला तर बांध फुटेल, मग मी राहू कुठे, असं तो सांगतो. रडून उपयोग नाही, प्रार्थनेचाही नाही. आणि एका कडव्यात म्हणतो की मी रात्रंदिवस या बांधावर राबतोय.

मॅककॉय हे कसं गातो, तिकडे लक्ष द्या. आवाज चढवत नाही. जाहिरात नाही, आक्रोश नाही. शेजारी उभा राहून परिस्थिती सांगावी तसा गातो. संकटातली माणसं पुष्कळदा अशीच बोलतात, कारण पुढचं काम उरकायचं असतं. आणि मिनीची गिटार त्याच्या बोलण्याला ओलावा देते. तीन मिनिटांत मला तो माणूस दिसतो. तो कुठे उभा आहे, कशाला घाबरलाय, कुणाची आठवण काढतोय, सगळं.

आता १९७१. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत हे ध्वनिमुद्रण झालं. बॉनमचे ड्रम जिन्याच्या तळाशी मांडले, अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने दोन माइक वरच्या मजल्यावरून खाली सोडले आणि ती सगळी पोकळी ड्रमबरोबर वाजली. टेपचा वेगही नंतर उतरवला, त्यामुळे आवाज अधिक जड, चिखलात पाय रुतल्यासारखा झाला. हा ड्रमचा आवाज अप्रतिम आहे, यात शंका नाही. तो पुढे इतक्या लोकांनी आपल्या गाण्यांत वापरला की कुठेतरी तुम्ही तो ऐकलेला असणारच. पेजची गिटार, उलट्या प्रतिध्वनीतला हार्मोनिका, सगळं मिळून खरोखर पाण्याची भिंत उभी राहते. पहिला शब्द यायला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागतो आणि एकूण गाणं सात मिनिटांच्या पुढे जातं.

चाहते म्हणतात, बघा, पूर ऐकू येतो. अगदी खरं. मला पूरच ऐकू येतो आणि माझी तक्रार तीच आहे. बांधावरचा माणूस कुठे गेला? प्लँट गातो तेव्हा तोही त्या पाण्याचाच भाग आहे. तो भव्य आहे, घाबरलेला नाही. आणि शब्द तपासा. शिकागोला निघालेल्या माणसाचा उल्लेख त्यांनी घातला, तो योग्यच, कारण दक्षिणेतले लाखो काळे लोक तसेच उत्तरेला गेले. मिनी स्वतःही १९३० मध्ये शिकागोला गेली. पण ‘मी रात्रंदिवस बांधावर राबतोय’ हे कडवं त्यांच्या गाण्यात नाही. ज्याच्या घामावर ते गाणं उभं होतं, त्याचं कामच गळलं. मुद्दाम गाळलं असं मी म्हणणार नाही. त्या आवाजात त्या कडव्याला जागाच नव्हती, असं मला वाटतं. इतक्या प्रचंड ड्रमपुढे ‘मी पोती उचलतोय’ हे वाक्य टिकलंच नसतं.

लेड झेपलिन मला सगळीकडे असाच ऐकू येतो. जे हाताला लागेल ते मोठं करायचं. दुःख असो, शृंगार असो, आकाराने मोठं. मडी वॉटर्सचं ‘यू नीड लव्ह’ ऐका, अर्ल हूकरच्या गिटारवर बसवलेला एक मिश्कील, आपल्या वयाची जाण असलेला आवाज. तो एका बाईशी बोलतोय आणि उत्तराची वाट बघतोय. ‘होल लॉटा लव्ह’मधला प्लँट कुणाशी बोलतोय ते मला कधीच कळलं नाही. समोर बाई नाही, स्टेडियम आहे. मधल्या भागात आवाज या स्पीकरमधून त्या स्पीकरमध्ये फिरतो, थेरेमिन हे विजेवरचं वाद्य किंचाळतं, तंत्र म्हणून तो प्रकार १९६९ साली धाडसाचा होता. पण प्लँटचा तारस्वर मला सुरुवातीपासूनच कळसावर असलेला वाटतो. जिथून चढायचं तिथेच तो उभा असतो. मग वर जायला उरतं काय?

लांबीवरूनही माझं भांडण आहे, पण ते नीट समजून घ्या. १९७३ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण आहे, त्यात ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ जवळपास सत्तावीस मिनिटं चालतं. आपण तासभर एक राग ऐकणारी माणसं, सत्तावीस मिनिटांना घाबरत नाही. पण तासभराच्या ख्यालात बढत असते. एकेक सूर उघडत जातो, आधीच्या वाटेचं ओझं पुढच्या जागेवर येतं. पेज व्हायोलिनचा बो गिटारवर फिरवतो तेव्हा पहिली दोन मिनिटं मी सावध होऊन ऐकतो. नंतर प्रसंगामागून प्रसंग येतात, त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. जागा बदलून दाखवल्या तरी मला फरक कळेल असं वाटत नाही.

‘काश्मीर’बद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. १९७५ चं गाणं, सुचलं दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी रस्त्यावर, प्लँटने तेव्हा काश्मीर पाहिलेलंही नव्हतं. त्याला माझी हरकत नाही, कवीला नावाचं स्वातंत्र्य असतं. ड्रम चारात चालतात आणि गिटारची आकृती तीनात फिरते, त्यामुळे सम सारखी सरकत राहते. ही रचना मला मान्य आहे, आवडतेही. साडेआठ मिनिटं तिच्यावर फक्त थर चढत जातात, तिथे मी गळतो.

उलट, एक गोष्ट मला मनापासून आवडते आणि ती आपल्या मुंबईतली आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लँट मुंबईत आले होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही दोन गाणी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. तिथे बॉनम नाही, भिंत उभी करायला कुणी नाही. तबला आहे, तंतुवाद्यं आहेत आणि अनोळखी रचना हाताखाली घेणारे वादक आहेत. कुठेकुठे ते चाचपडत चाललेत असंही वाटतं. पेजच्या रचनेत किती नाजूक कलाकुसर आहे ते मला त्या ध्वनिमुद्रणात पहिल्यांदा ऐकू आलं. त्या बाजूने हा बँड आणखी पुढे गेला असता तर आज मी वेगळं बोललो असतो.

लोक म्हणतात, इतक्या कोटी लोकांना आवडतं, ते काय वेडे आहेत? नाहीत. त्यांना भव्यता हवी आहे आणि झेपलिन ती भरभरून देतो. कारखान्यांच्या गावातल्या पोराला त्या ड्रमने छाती भरून आल्यासारखं वाटलं असेल, तर ते सुख खरंच आहे. कुणी असंही म्हणतं की योग्य वयात ऐकलं नाहीस म्हणून. योग्य वयातच ऐकलं, आजूबाजूला सगळे डोळे मिटून माना हलवत होते आणि मी पुढच्या गाण्याची वाट बघत होतो. पण ऐकणाऱ्याचं वय आणि जमावाचा आकार ही उत्तरं नव्हेत. मला उत्तर त्या गाण्यातून हवंय. प्लँटच्या आवाजात बांधावरचा माणूस तुम्हाला कुठे ऐकू येतो, ते मला ओळ धरून दाखवा. मी ऐकायला तयार आहे.

तर आता आधी १९२९ ची तबकडी लावतो, तिच्यामागोमाग १९७१ ची. दोन्ही पूर्ण ऐकू, मध्ये कुणी बोलायचं नाही. मग ज्यांना माझं म्हणणं पटलेलं नाही, त्यांनी आधी बोलावं.