आधी दोन बादल्या, मग बाकीचं

(नागपुरातील एका व्याख्यानमालेतील भाषण, थोडी काटछाट करून)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या उकाड्यात आलेली तुम्ही सगळी मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'जुन्या स्पोर्ट्स कारची निगा आणि सजावट : घरच्या घरी'. निगा आधी, सजावट नंतर, हा क्रम मी मुद्दाम सांगून छापून घेतला. आपल्याकडे सेकंडहँड गाडी दारात लागते आणि दुसऱ्या दिवशी माणूस स्पॉइलरचे भाव विचारत फिरतो. गाडी धुतली का, म्हटलं तर म्हणतो, ते सर्व्हिसिंगवाले धुतातच ना.

माझी गाडी इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली, दोन सीटची, कापडी छताची, आत रेनॉचं 1.2 लिटरचं पेट्रोल इंजिन. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं, ऐकू आलं मला. ही कसली स्पोर्ट्स कार, असंच ना? वर्धा रोडवर स्विफ्टही पुढे निघून जाते, मान्य. पण डिसेंबरात सकाळी छत मागे टाकून अंबाझरीकडून एक चक्कर मारा, मग बोलू.

या गाडीची बॉडी फायबरग्लासची आहे. त्यात नवल नाही, अमेरिकेतली कॉर्व्हेट 1953 पासून तशीच येते. पण आपल्या लोकांना ते पचत नाही. जुनी गाडी बघताना जाणकार खिशात चुंबक ठेवतात, कारण ठोकलेल्या पत्र्यावर पुट्टी भरली असेल तर तिथे चुंबक धरत नाही. आमचा मेव्हणा असाच जाणकार. त्यानं बॉनेटला चुंबक लावला, पडला. दाराला लावला, पडला. डिकीला लावला, तिथेही पडला. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणतो, "भाऊजी, अख्खी गाडीच पुट्टीची घेऊन राहिले का जी तुम्ही?"

असो. मुद्द्यावर येतो. येण्याआधी एक तक्रार मात्र ऐकून घ्यावी लागेल.

शहरातल्या एका डिटेलिंगवाल्याकडे, म्हणजे गाडी चकचकीत करून देणाऱ्याकडे, सिरॅमिक कोटिंगला दिली. म्हणजे रंगावर चढवतात तो पारदर्शक, कडक थर. नाव घेत नाही. एसी वेटिंग रूम, काळ्या फरश्या, छताला षटकोनी दिवे, वर कॉफी फुकट. तिथला पोरगा म्हणाला, "सर, नाइन एच आहे, दगडावानी कडक." इथे शिक्षक मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो, हा एच तुमच्या पेन्सिलीवरचाच. एचबी, टू एच, तीच पट्टी. नाइन एच म्हणजे त्या नंबरच्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही, एवढंच. दगडांची पट्टी वेगळी, मोहसची. तिच्यात क्वार्ट्झ सातवर बसतो, आणि रस्त्यावरच्या धुळीत हाच क्वार्ट्झ भरलेला असतो. पेन्सिलीनं कोण गाडी ओरबाडतं हो? धूळच ओरबाडते.

गाडी घरी आणली. दिव्याखाली आरशासारखी. सकाळी उन्हात काढली तर बॉनेटभर गोल गोल कोळ्याची जाळी. कोटिंगच्या आधी पॉलिश करून ओरखडे काढायचे असतात, ते यांनी केलंच नव्हतं. ओरखड्यांवरच थर चढवला. कोटिंगचं काम लोणच्यावरच्या तेलासारखं असतं, बरणीत जे भरलं तेच राखतं, खराब फोडी घातल्या तर खराबच. मालकाला फोन केला. तो काय म्हणाला असेल? "सर, उन्हात पाहू नका ना, असं तं कोणत्याही गाडीले दिसते."

उन्हात पाहू नका! नागपुरात! 23 मे 2013 ला पारा 47.9 वर गेला होता त्या गावात हा माणूस मला ऊन टाळून गाडी बघायला सांगतो.

यापुढची गंमत अशी की ते कोटिंग धुऊन जात नाही, घासूनच काढावं लागतं. आणि रंगावरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 40-50 मायक्रॉनचा. केसाच्या जाडीहून कमी. प्रत्येक कडक बफिंगमध्ये त्यातले थोडे मायक्रॉन कायमचे जातात. जुन्या गाडीवर आधीच्या मालकांनी किती घासून ठेवलंय, कोणास ठाऊक. पत्र्याच्या गाडीवर जाडी मोजायचं साधं यंत्र मिळतं, पण ते चालतं चुंबकत्वावर, म्हणजे माझ्या गाडीपुढे त्याचा मेव्हणा होतो.

म्हणून माझं म्हणणं एकच. ओरखडा काढायच्या भानगडीत पडण्यापेक्षा तो पडू देऊ नका. आणि ओरखडे पडतात कुठे? समृद्धी महामार्गावर नाही, आपल्या पार्किंगमध्ये पडतात. सोसायटीतला पोरगा एका बादलीत एकच फडका बुचकळून वीस गाड्या पुसतो. त्याची चूक नाही, आपण त्याला देतोच किती. पण पहिल्या गाडीची माती विसाव्या गाडीवर घासली जाते. त्याहून वाईट म्हणजे धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारणं.

आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं धूळ उतरवा. मग दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, तळाशी जाळी, म्हणजे माती तिच्याखाली राहते. मायक्रोफायबरचा हातमोजा शॅम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळायचा, मगच पुन्हा शॅम्पूत. छताकडून खाली या, दाराखालची पट्टी शेवटी, चाकांचं कापड वेगळं. भांड्यांचं लिक्विड नको, ते वॅक्सही उतरवतं. मे महिन्यात उजाडायच्या आत धुवा, बॉनेटला हात लावून गार लागलं पाहिजे. बोअरचं पाणी गाडीवर वाळू दिलं की क्षारांचे पांढरे ठिपके धरतात, म्हणून लगेच टॉवेलनं टिपा. घासू नका, टिपा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं. सजावट पाच मिनिटांत.

नियम असा, जे उद्या काढून गाडी मूळ रूपात आणता येईल तेवढंच घरी करा. पिवळे हेडलाइट पहिले घ्या, गाडीचं वय तिथेच दिसतं. ते पॉलीकार्बोनेटचे असतात, वरचा यूव्ही थर उन्हानं जातो. भोवती मास्किंग टेप लावून ओल्या पॉलिश पेपरनं घासा, आधी 1000 नंबरचा, मग 2000, मग 3000, त्यावर पॉलिश. आणि शेवटी ऊन अडवणारा पारदर्शक थर, यूव्ही क्लिअर, मारायचाच, नाहीतर काही महिन्यांत परत पिवळे. काही जण टूथपेस्टनं दिवे घासतात, ती दातांना ठेवा. कापडी छत ओलं असताना दुमडू नका, बुरशी धरते. छताच्या कडेनं पाणी जायची छिद्रं असतात, पावसाळ्याआधी त्यातला पालापाचोळा काढा, नाहीतर पाणी सीटखाली साचतं. रंग बदलायचाच असेल तर रॅप, म्हणजे वरून चिकटवायची रंगीत फिल्म, तो निघतो, पण आरसीवर नोंद करून घ्या. मूळ रचनेत फेरफार केलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. काचांवर काळ्या फिल्मचं तर नावच नको, सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्येच बंद केलं.

अलॉयची चाकं मागाहून घ्या, आधी टायर बघा. कडेला चार आकडी शिक्का असतो, 2316 म्हणजे 2016 चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या स्पोर्ट्स कारच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर वाळून तडकलेलं असतं. असल्या टायरांवर कोणी समृद्धीला ताशी 120 नं निघू नये.

झालं, घंटा झाली. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. गाडी खाली सावलीत लावली आहे, खुशाल हात लावून बघा. फक्त अंगठ्या काढून.