तक्ता पाठ, वाचन बाकी

(दृश्य : भिंतीवरचा मुळाक्षरांचा जुना तक्ता)

अ अननसाचा, आ आईचा. आपल्या कितीतरी पिढ्यांची शाळा या तक्त्यापासून सुरू झाली. तो पाठ होईस्तोवर महिने जातात आणि तेवढ्या काळात मुलाने एक शब्दही वाचलेला नसतो. त्यात ङ आणि ञसुद्धा घोकायचे. त्यांच्यापासून सुरू होणारा शब्द मराठीत शोधून सापडत नाही!

(दृश्य : पहिलीचा वर्ग, जमिनीवर अक्षरकार्डं)

इथे बाईंनी चारच अक्षरं काढली आहेत : म, क, न, ल. सोबत काना. आणि बघा, मका, कान, नाक, मान, काका, मामा, लाल… मुलं पहिल्याच आठवड्यात खरे शब्द वाचू लागतात. 'मका' जुळला की बाई विचारतात, "कुणाच्या शेतात आहे रे?" मग कणीस, तुरा, दाणे, कडबा, सगळं बाहेर येतं. बाई ते फळ्यावर लिहीत जातात. मुलांना ते अजून वाचता येत नाही, पण आपलं बोलणं लिहिता येतं हे त्यांना कळतं.

फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी याच दिशेने काम केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाशास्त्रज्ञ फलटणची मराठी अभ्यासायला आल्या आणि इथल्याच झाल्या. १९७८ मध्ये त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. शाळेत जाऊनही वाचता न येणारी मुलं त्यांना स्वस्थ बसू देईनात. १९८६ मध्ये तिथे कमला निंबकर बालभवन ही त्यांची शाळा सुरू झाली.

(दृश्य : दुसरीतली मुलगी, बोट ओळीवर)

देवनागरी सोपी, असं आपण सहज म्हणतो. या मुलीला विचारा. 'किती' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, जिभेने मात्र आधी 'क' म्हणायचा. आणि र तर चक्रात वेगळा, सूर्यात वेगळा, ट्रकमध्ये वेगळा, वाऱ्यात आणखी वेगळा. ती अडते, ओठ हलवते. बाई शब्द सांगून टाकत नाहीत, थांबतात. "सूर्य!"

पुढचा शब्द 'पाणवठा'. तिने तो न अडखळता वाचला, पण अर्थ विचारल्यावर मान हलवली. मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या घरांत तर पुस्तकातले कित्येक शब्द असेच नुसते आवाज असतात. तिथे शिक्षकाने घरची बोली वर्गात येऊ दिलीच पाहिजे.

मुलांना पायाभूत वाचन आणि गणित यावं यासाठी २०२१ पासून चाललेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. घड्याळ लावून शब्द मोजता येतात. समजलं का, हे कळायला मुलाशी बोलावंच लागतं, आणि वर्गात नेमका त्यालाच वेळ उरत नाही.

म्हणून रोज पंधरा मिनिटं राखून ठेवा. एक गोष्ट मोठ्याने वाचा, मध्ये थांबा, "आता काय होईल?" विचारा. चौथीच्या परिसर अभ्यासात अवघड शब्दांची रांग लागते. तिथे पोचण्याआधी मुलांच्या कानावरून भरपूर मराठी गेलेली असू द्या.